पिवळी झाक

नव्या टॅबवर पहिल्यांदा आईचा फोटो उघडला आणि मी टॅब डोळ्यांपासून लांब धरला. शेवटच्या आजारात कावीळ झाली होती, तेव्हा दिसायची तशीच ती दिसत होती. फोटो मात्र त्याच्या कितीतरी आधीचा, धाकट्या बहिणीच्या लग्नातला, हसरा. मग कोरं पान उघडून पाहिलं, तर तेही हळदीचं बोट लागल्यासारखं पिवळट. खालच्या कडेला जरा जास्तच.

टॅब दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं सेटिंग बदलून पाहिलं, मग शेजारी दुसरा टॅब ठेवून त्यावर तोच फोटो लावला. तो निळसर निघाला. त्यात आई थंडीनं गारठल्यासारखी दिसत होती.

"मॅडम, थोडा फरक असतोच," तो म्हणाला. "चार दिवस वापरा, डोळ्यांना सवय होते. मग कळणारही नाही."

परतताना रिक्षात डोळे मिटून मी तिचा खरा वर्ण आठवू लागले. गव्हाळ, असं आम्ही सगळे म्हणायचो. पण शब्दच आठवत होता, रंग काही येईना. फोटो आहे या भरवशावर इतकी वर्षं मी तिला आठवायचंच सोडून दिलं होतं की काय?

आज पाचवा दिवस. सकाळी बहीण आली, तिनं टॅब हातात घेतला आणि दचकलीच.

"ताई, आई किती पिवळी दिसतेय गं यात."

मी वाकून पाहिलं. मला आई नेहमीसारखीच दिसत होती.