सुरवसेचा पर्जन्यमापक आणि तेलगावचे बापू

हवामानाची यंत्रं तपासायचं काम असं आहे, की महिनाभर वावरात बसलं तरी कामाचं रीडिंग एखादंच मिळतं. किस्से मात्र न मागता गोळा होतात! ऑफिसात रिपोर्ट लिहायला घेतला की आधी हेच आठवतात. रिपोर्टात घालता येत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो.

आमची साइट होती तेलगावजवळ, बापूंच्या वावरात. बापू म्हणजे माजी सरपंच, ऊस-कापसाचे मोठे शेतकरी, आणि जागा फुकट दिली म्हणून आमचे कायमचे मालक. आम्ही दोघं, मी आणि सुरवसे. तिथं एक जुना सरकारमान्य पर्जन्यमापक रोवला होता आणि शेजारी सुरवसेनं स्वतः बनवलेला. चांगल्या पावसात दोन्ही यंत्रांच्या आकड्यांत फरक किती पडतो, ते पावसाळा संपताना कमिटी येऊन बघणार होती. जुळलं तर सुरवसेचं यंत्र जिल्हाभर बसणार, नाही तर भंगारात. चार वर्षं घातली होती त्यानं त्यात, बायकोची बोलणी खाऊन!

*

थर्मामीटर आणि आर्द्रतेचा सेन्सर ठेवायला आमची एक पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते, चार पायांवर उभी. मे महिन्यात सगळं रान भाजून निघालेलं, आणि त्या पेटीत रोज सकाळपासून दुपारपर्यंत आर्द्रता नव्वद टक्के! सुरवसेनं सेन्सर बदलला, वायर बदलली, कंपनीवाल्याला फोनवर झापलं. शेवटी एका सकाळी मी जाऊन पेटीच उघडली. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली भाकरी, एक कांदा आणि पाण्याची बाटली.

बापूंच्या शेतात कामाला येणाऱ्या कोंडाबाई मागंच उभ्या होत्या.

"ऱ्हाऊ द्या की वो," त्या म्हणाल्या. "आत हवा लई खेळती हाय. आन् कुत्र्याचं तोंड पोचत न्हाई."

मी माझाही डबा आत ठेवायच्या बेतात होतो, पण सुरवसे तत्त्वाचा माणूस.

*

एकदा बापू पेपर नाचवत आले.

"परळीचं चव्वेचाळीस छापून आलंय. आपलं बेचाळीसच कावून?"

मी म्हटलं, "बापू, तिकडं वीज केंद्र आहे, कोळसा आहे, राख आहे…"

"मंग आमी काय थंड हवेला ऱ्हातो का बे?"

त्यांचं म्हणणं, थर्मामीटर काढून गोठ्याच्या पत्र्यावर बांधा, म्हणजे परळीची जिरंल. मी त्यांना नीट समजावलं, की थर्मामीटर जगभर सावलीतच ठेवतात. बापूंनी पेटीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आमी दिसभर उन्हात, आन् ह्यो सावलीत बसून सांगणार किती तापलं ते! सरकारी नोकर हाय का ह्यो?"

मी रीडिंग घेतलं आणि चहाला गेलो.

*

उमापूरला आमचा वारा मोजायचा खांब होता. गावात सगळ्यात उंच. इलेक्शनचे दिवस, आणि आठवडा झाला तरी वाऱ्याची दिशा जागची हलेना. जाऊन बघतो तर खांबावर झेंडा! त्याची दोरी दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या शेपटीला अशी गुंडाळलेली, की बाण गच्च.

झेंडा लावणारा कार्यकर्ता पारावरच सापडला. सुरवसे त्याच्यावर ओरडला, "अहो भाऊ, तुमच्यामुळं वारं आठवडाभर एकाच बाजूचं दाखवतंय!"

भाऊ एकदम खूश. "मंग चांगलंय की! मतदानापतुर तेवढं फिरू देऊ नका."

*

त्या वर्षी पाऊस परळीत पडला, उमापूरला पडला, बापूंच्या वावरापासून रस्त्याच्या पलीकडंही पडला. आमच्याकडं नुसते शिंतोडे. सुरवसे यंत्राजवळ उभा राहून पलीकडचा पाऊस बघायचा. खरं सांगतो, मला लई वाईट वाटायचं त्याचं.

असाच एकदा उभा असताना बांधावरून जाणाऱ्या एकानं विचारलं, "साहेब, पाऊस कदी हाय?"

"ते नाही सांगता येत," सुरवसे म्हणाला. "पडल्यावर किती पडला ते सांगतो."

"पडल्यावर? पडल्यावर तर माझी म्हैस बी सांगती!"

सुरवसे त्या दिवशी जेवला नाही.

*

कमिटी यायचा आदला दिवस उजाडला तरी यंत्र कोरडंच. सुरवसेनं आशा सोडली होती. निदान यंत्र स्वच्छ तरी दिसू दे म्हणून त्यानं ते पुसलं, आणि निघताना बापूंचे दोन्ही हात धरले.

"बापू, आत सर्किट आहे, नाजूक आहे. उद्या कमिटी येईपर्यंत जपा. काही झालं तर माझं सगळं गेलं."

बापूंनी मान डोलावली. "सुरवसे साहेब, घोर लावून घेऊ नका. लेकरागत जपतो."

आम्ही माजलगावच्या लॉजवर मुक्कामाला गेलो. आणि पहाटे पत्रा वाजायला लागला. पाऊस! साधासुधा नाही, धो धो! सुरवसे बनियनवर गॅलरीत नाचला. मला मिठी मारली, लॉजवाल्याला मिठी मारली. "आता होऊ दे कम्पॅरिझन!" म्हणून ओरडला. कमिटीला घेऊन आम्ही तेलगावला पोचेपर्यंत पाऊस थांबला होता आणि वावरात नुसता चिखल झाला होता.

चिखल तुडवत साइटवर गेलो. दोन्ही पर्जन्यमापकांवर एक भली मोठी ताडपत्री ताणलेली. चार कोपऱ्यांना बापू आणि त्यांचे तीन गडी, ओलेचिंब, ताडपत्री हातात धरून उभे.

"साहेब," बापू कुडकुडत म्हणाले, "पहाटपासून हात सोडला न्हाई. एक थेंब पडू दिला न्हाई मशिनींवर!"

कमिटीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"सुरवसे, दोन यंत्रांत फरक किती आला?"

सुरवसेनं बापूंकडं बघितलं. मग ताडपत्रीखाली वाकून आधी जुनं यंत्र बघितलं, मग स्वतःचं.

"काहीच नाही, सर. दोन्ही तंतोतंत जुळतायत!"