गवती चहाचे पुडे

माझं अक्षर वाईट आहे, कोंबडीचे पाय उमटल्यासारखं. ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते मला चौथीत कळलं नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली. कुणाच्या हातात हे पडलंच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. तसं हे मी कुणासाठी लिहीत नाही. मला तोंडाने बोलता येत नाही, चार माणसांत तर नाहीच, म्हणून लिहिते.

आमचं घर मांडवीला, समुद्राच्या अंगाला. नवरा बोटीवर खलाशी आहे. घरी सासूबाई आणि मी. उन्हाळ्यात आमच्या दारात जवळा सुकतो, त्याची सुकट होते. घराच्या मागे भांडी घासायच्या दगडापाशी गवती चहाचं बेट आहे. घासलेल्या भांड्यांचं पाणी तिकडेच जातं, त्यामुळे ते बारा महिने हिरवंगार असतं.

मी वरच्या आळीत एका वहिनींकडे धुण्याभांड्याला जाते. त्या कचेरीत नोकरी करतात. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. दोन वर्षांमागे थंडीत त्यांना खोकला धरला होता. रात्रभर खोकत होत्या, तोंड उतरलं होतं. मी घाबरत घाबरत विचारलं, काढा करू का. विचारलं म्हणजे काय, भांड्यांकडे बघत पुटपुटले. त्या "कर" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी घरून पात नेली. ती धुऊन तिची गाठ मारली. गाठ मारली नाही तर ओतताना पाती कपात येतात. आलं किसलं नाही, ठेचलं. तुळशीची पानं, मिरी, दालचिनीचा तुकडा घातला. पाणी निम्मं होईपर्यंत उकळू दिलं, आणि आच बंद केल्यावर गूळ. वहिनींनी फुंकर मारून घोट घेतला आणि डोळे मिटले.

"हे आधी का नाही गं सांगितलंस? मी ती बाटलीतली औषधं पीत बसले."

मी फरशी पुसायला लागले. पण दिवसभर बरं वाटत होतं.

पुढच्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा त्याच म्हणाल्या, "माझ्या पुण्याच्या बहिणीला तुझा काढा हवाय. कचेरीतल्या बायकाही मागतायत. सुका करून पुडे भरून दे." पैसे त्यांनी आधीच माझ्या हातात ठेवले. माझ्या हातच्या वस्तूला आधी पैसे कधी कुणी दिले नव्हते. त्यातून सुंठ, मिरी, दालचिनी आणली. उरले ते पडवीच्या पत्र्याला गेले.

गवती चहा सावलीत सुकवायचा असतो. उन्हात सुकवला तर पिवळा पडतो आणि वास उडतो. मी पात बारीक कापली आणि पडवीत चटईवर पसरली. घरात चटया दोन. एकीवर सासूबाई निजतात. दुसरी जवळ्याची. ती मी उन्हाळ्यानंतर साबणाने घासली होती, मग चिंचेच्या पाण्याने धुतली होती, वाळवून माळ्यावर टाकली होती. काढल्यावर नाकाला लावून बघितली. वास नव्हता. मला आला नाही, असं लिहायला हवं.

पुडे वहिनींनी नेले. पुण्याला गेले, कचेरीत वाटले गेले. मार्गशीर्षातला गुरुवार गेला आणि शुक्रवारी मी कामाला गेले, तर वहिनी ओट्यापाशी पुडा घेऊन उभ्या होत्या.

"वास घे याचा."

मी घेतला.

"कसला येतो?"

"गवती चहाचा."

"आणखी?"

मी पुन्हा घेतला. "सुंठीचा."

"आणखी काही येत नाही?"

"नाही वहिनी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खोटं बोलते असं त्यांना वाटलं असणार. मग म्हणाल्या, "काल बहिणीकडे हळदीकुंकू होतं. सगळ्या उपासाच्या बायका. हाच काढा दिला तिने. एक बाई घोट घेऊन तशीच उठली नि मोरीत जाऊन ओकली. म्हणाली, याला सुकटीचा वास आहे. मग सगळ्यांनाच यायला लागला. कचेरीतल्या बायकासुद्धा आता तेच सांगतायत."

चटईचं सांगायला हवं होतं. मी भांडी घासली, लादी पुसली आणि पुडा पदराखाली घेऊन घरी आले.

सासूबाईंच्या नाकाशी धरला. "कसला वास येतो बघा."

त्यांनी हुंगला. "कसला म्हणजे? बरा तर येतो. आपल्या घराचा येतो."

मी तिथेच बसले. आपल्या घराचा. चटई कितीही धुतली असती तरी मला कळलं नसतं, कारण मी त्यातच राहते. मग मी साडीचा पदर हुंगला, केस पुढे घेऊन हुंगले. काहीच येईना. ते जास्त वाईट होतं. इतकी वर्षं मी वहिनींच्या स्वयंपाकघरात शिरते, त्यांच्या देवाची भांडी घासते. मी आले की त्या खिडकी उघडतात. मला वाटायचं उजेडासाठी.

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगो, जवळा खाल्लान् म्हणून कोण मेला नाही आजवर."

"त्यांचा उपास होता."

"मग तुझा कशाला? जेव."

रविवारी वहिनी स्वतः आल्या. त्यांचा आवाज ऐकून मी मागच्या दारी पाण्याच्या पिंपाआड जाऊन बसले. एवढी बाई मी, पोरासारखी लपले. सासूबाई पडवीत सुपारी कातरत होत्या.

"सूनबाई आहे का?"

"नाय हो. बाजारात गेली."

वहिनींची पावलं उंबऱ्यापाशी आली. मग म्हणाल्या, "चपला इथेच दिसतात तिच्या."

"अनवाणी गेली," सासूबाई म्हणाल्या. "घाईत होती."

वहिनींना हसू आलं असावं. म्हणाल्या, "बरं. तिला सांगा, लोकांचे पैसे मी देऊन टाकलेत. तिने कामाला यावं. माझी भांडी पडली आहेत."

"चहा घेता? आमच्या कपाला वास येईल हा."

"येऊ दे."

त्या खरंच बसल्या आणि प्यायल्या. मी पिंपाआडून कपबशीचा आवाज ऐकला. तेवढ्यात पुढे जायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं. मी पिंपाआडच बसले. त्या गेल्यावर सासूबाईंनी हाक मारली, "ये गो बाजारातून. काय आणलास?"

सोमवारी मी पहाटे शिकेकाईने न्हाले, पेटीतली साडी नेसले आणि कामाला गेले. मान वर न करता सगळं सांगितलं, जवळ्याची चटई, चिंचेचं पाणी, सगळं. शेवटी म्हटलं, "तुम्ही लोकांना दिलेत ते पैसे माझ्या पगारातून कापा."

"राहू दे गं. मुद्दाम का केलंस तू?"

"कापा. नाहीतर मला इथे येता येणार नाही."

मी कधी त्यांच्याशी एवढ्या जोरात बोलले नव्हते. त्या कापायला तयार झाल्या नाहीत. पूर्ण पगार हातात द्यायच्या आणि मी त्यातले थोडे काढून ओट्यावर डब्याखाली ठेवायचे. त्या घ्यायच्या, पण माझ्यासमोर नाही. असं वर्षभर चाललं.

या थंडीत त्या पुन्हा म्हणाल्या, "काढा कर." मी ओली पात नेते, त्यांच्या नळाखाली धुते, त्यांच्याच टोपात उकळते. त्या पितात. पहिल्या घोटाला मी तोंडाकडे बघत नाही. मी पोचले की खिडकी आता मीच उघडते. त्यांनी एकदा विचारलं, "थंडीची कशाला उघडतेस?" मी म्हटलं, उजेडासाठी.

आज शेवटचे पैसे दिले. डब्याखाली ठेवले नाहीत, हातात दिले. त्यांनी न मोजता पर्समध्ये टाकायला घेतले. मी म्हटलं, "मोजा वहिनी."

त्यांनी मोजले. पुरे होते.