कर्ण्याचं तोंड कुणाकडे

मंडळी, आज चाकणजवळच्या एका गावात सभेसाठी बॅटरी, माइक आणि कर्णा बैलगाडीतून घेऊन गेलो होतो. सरपंच बोलायला उभे राहिले आणि कर्णा किंचाळायला लागला.

बघतो तर त्यांच्या माणसानं कर्ण्याचं तोंड थेट माइककडे फिरवलेलं. कर्ण्यातला आवाज परत माइकमध्ये शिरला की दुसरं काय होणार? मी तो लोकांकडे वळवला. किंचाळणं थांबलं.

सरपंचही थांबले. "राव, मला माझाच आवाज ऐकू येत न्हाई. व्हता तसा फिरवा."

फिरवला. त्यांचं भाषण संपेपर्यंत गावानं नुसती किंचाळी ऐकली आणि टाळ्या वाजवल्या. वर सरपंच मला म्हणाले, "मशीन बिघडलंय तुमचं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरी येऊन मशीन तपासलं. ठणठणीत आहे. त्या मानांवर कुणाकडे इलाज आहे का?