प्लंबरचा उरलेला शब्द

आजारी पडायच्या आधी प्लंबर इतका बोलायचा, की गिऱ्हाइकं म्हणत, नळ एक वेळ बंद होईल, याचं तोंड नाही व्हायचं. सिंकखाली आडवा पडून, पाना फिरवता फिरवता, तो घरातल्या बाईला तिच्या सासूशी कसं वागावं हेही सांगून मोकळा व्हायचा. रविवारी मात्र हेच तोंड कामी यायचं. चर्चच्या गायनमंडळात पुढे उभं राहून तीस वर्षं तो देवाच्या स्तुतीचा आलेलुया उचलायचा, आणि त्याच्या मागून सगळं चर्च.

त्याची बायको दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी मशीन ठेवून ब्लाउज शिवायची. सुराशी तिचं जन्माचं वैर. लग्नानंतरच्या पहिल्याच मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, ती हौसेनं मोठ्यांदा गायली, तर त्यानं डोक्यात कोणी पाना घातल्यासारखं वळून पाहिलं. घरी येऊन म्हणाला, "तू आपली मनातल्या मनात म्हणत जा. देवाला तेही ऐकू येतं." तेव्हापासून ती मनातल्या मनात म्हणत आली.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या सिंकखालीच त्याला झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, पण शब्द जिभेपर्यंत पोचत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलच्या कॉटवर पडल्या पडल्या त्याला पाणी हवं होतं. त्यानं तोंड वेडंवाकडं केलं, कपाळावर घाम आला, आणि शेवटी शब्द फुटला, "आलेलुया." गाऊन गाऊन तेवढा एकच आत घट्ट बसला असावा. बाकी सगळे गेले, बायकोचं नावसुद्धा.

घरी आल्यावर त्या एका शब्दावर संसार सुरू झाला. पेपर हवा, आलेलुया. पंखा लाव, आलेलुया. चहात साखर कमी पडली की जो आलेलुया निघायचा, तो कुठल्याही फादरनं कानांवर हात ठेवावेत असा असायचा. बायको सूर ऐकून ओळखायला शिकली. जिला आयुष्यभर सूर कळला नाही, तिला नवऱ्याच्या एका शब्दाचे दहा-बारा सूर कळायला लागले, आणि याचा तिला मनातून अभिमान होता.

मग उपवासकाळ आला. ईस्टरच्या आधीच्या या दिवसांत चर्चमध्ये आलेलुया म्हणत नाहीत. आनंदाचा शब्द तो, पुनरुत्थानाच्या सणापर्यंत जपून ठेवायचा. उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, फादरांनी प्लंबरच्या कपाळावर राख लावली, त्यातली चिमूटभर नाकावर पडली, आणि सगळं चर्च गप्प असताना तो खणखणीत म्हणाला, "आलेलुया."

मुलं फिदीफिदी हसली. त्याची थोरली बहीण, जी नेहमी पहिल्या बाकावर बसते, तिचं तोंड लालबुंद झालं. बाहेर आल्यावर तिनं भावजयीला बाजूला घेतलं.

"वहिनी, ईस्टरपर्यंत याला घरीच ठेव. लोक हसतात गं. मला नाही बघवत."

"ताई, ते मुद्दाम नाही करत."

"मला कळतं. लोकांना कोण सांगणार?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी बायकोलाही लाज वाटली होती. तिनं हो म्हटलं.

पहिल्या रविवारी ती एकटी निघाली, तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसला होता. डाव्या हातानं सगळी बटणं त्यानंच लावलेली, एक घर चुकवून. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आज आराम करा." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि एकेक बटण काढायला घेतलं. दुसऱ्या रविवारी त्यानं शर्ट घातलाच नाही.

त्यानंतर तो शब्दही कमी कमी होत गेला. आधी पेपर मागणं थांबलं, मग पंखा. पाचव्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की दोन दिवसांत त्याच्या तोंडून काहीच आलेलं नाही. ती घाबरली. तिनं मुद्दाम बिनसाखरेचा चहा करून पुढ्यात ठेवला आणि दाराआड उभी राहिली. त्यानं तो गुमान पिऊन टाकला. दाराआडच ती रडली.

फादरांकडे कबुलीला गेली तेव्हा तिनं बाकी पापं सांगितलीच नाहीत. म्हणाली, "फादर, त्यांच्याकडे एकच शब्द होता, तोही मी काढून घेतला."

फादर म्हणाले, "त्यांना घेऊन या. पुढच्या बाकावर बसवा. काय बोलायचं ते बोलू देत."

शुभ शुक्रवारी ती त्याला घेऊन गेली. सगळे रांगेनं क्रूसाला नमन करत होते. तोही पाय ओढत गेला, डावा हात क्रूसावर ठेवला, तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. बहिणीनं सुटकेचा निःश्वास सोडला. बायको मात्र तो शब्द यायची वाट बघत राहिली.

ईस्टरची सकाळ. पांढरी फुलं, नवे कपडे, बसायला जागा नाही. बायबलमधलं दुसरं वाचन झालं, लोक आलेलुयासाठी उभे राहिले. आता गायनमंडळाची पुढची जागा एका शाळेतल्या बाईंकडे होती. त्यांना गाणं शिकवलं होतं प्लंबरनंच. बाई माइकपाशी आल्या, पण सुरुवात करेनात. त्या त्याच्याकडे पाहत होत्या. मग एकेक करून बाकीचेही पाहू लागले. तो बुटांकडे बघत उभा होता.

"सुरू करा ना," बहीण पुटपुटली.

कोणी सुरू करेना. बायकोनं त्याच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि ती एकदम गायला लागली, चांगली मोठ्यांदा. सूर कुठून उचलला आणि कुठे टाकला, हे तिलाच ठाऊक. फादरसुद्धा दचकले.

प्लंबरची मान झटकन वळली. चेहऱ्यावर तीच लग्नानंतरच्या पहिल्या मिस्सेतली वेदना. ती थांबली नाही, उलट आणखी जोरात गायला लागली. त्याला ते सहन होईना. त्यानं डावा हात वर करून तिला थांबवलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि हा असा लावायचा असतो सूर, हे दाखवावं म्हणून स्वतः उचलला, "आलेलुया."

आवाज जाडाभरडा होता, पण सुरात होता. बाईंनी तो झेलला, मग मंडळानं, मग सगळ्या चर्चनं. सगळे त्याचाच शब्द म्हणत होते, मुलं, म्हातारे, डोळे पुसणारी बहीणसुद्धा. तो मात्र बायकोकडेच बघत होता, आता तरी नीट म्हण, अशा नजरेनं. तिला काही ते जमलं नाही.

घरी येऊन तिनं चहा टाकला. आनंदाच्या भरात साखर घालायची राहिली. त्यानं एक घोट घेतला, कप ठेवला आणि तिच्याकडे रागानं बघितलं.

"आलेलुया."

"हो हो, आणते," ती म्हणाली, आणि साखरेचा डबा हातात घेऊन ओट्यापाशी कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. पुन्हा हाक येईपर्यंत.