दोन सिलिंडर जास्त

माझा मामा गाडी उघडायच्या आधी ऐकायचा. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "बंद करू नका," आणि डोळे मिटून बॉनेटपाशी उभा राहायचा. मग बोट दाखवायचा. तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट, नाहीतर पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. पैज लावणारे नेहमी हरायचे. सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि एरवी साधा असलेल्या माझ्या मामाला या एका नावाचा भारी माज होता.

त्याच कानांनी तीन वर्षांपूर्वी दगा द्यायला सुरुवात केली. मामीला कळलं, मला कळलं, समोरच्या टायरवाल्यालाही कळलं. मामाला तेवढं कळलं नाही. ऐकू येणं हळूहळू जातं, आणि गॅरेजमध्ये तसेही सगळे ओरडूनच बोलतात. माझं वेल्डिंगचं दुकान त्याच्या गॅरेजला लागून, एकाच पत्र्याखाली. टॅपेट तो आवाजावरूनच लावायचा; तो जेवायला गेला की त्याने चुकवलेले मी गुपचूप पुन्हा लावायची. घरात फोन मामीच उचलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आमचं चाललं होतं. शिवाय मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

मामाकडे एक जुनी स्पोर्ट्स गाडी आहे. दोन सीटची, बिनछपराची, लग्नाच्या आदल्या वर्षी घेतलेली. इतकी बुटकी की मामी त्या गाडीत बसते असं म्हणता येत नाही, उतरते म्हणावं लागतं. दर रविवारी सकाळी दोघं टेकडीवर जाऊन येतात. चार सिलिंडरचं छोटं इंजिन, चढाला लागलं की वरच्या पट्टीत गायचं.

एका रविवारी मामा परत आला तो तोंड पाडून.

"इंजिन थकलं गं. चढावर बोलतच नाही."

त्याने ते सगळं खोललं, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासले, पुन्हा जोडलं. तरी बोलेना. पुन्हा खोललं. मी घड्याळ घेऊन त्याच्याबरोबर गाडीतून टेकडी चढले, तर वेळ पूर्वीएवढाच लागला. "तुझं घड्याळ मागे पडतं," मामा म्हणाला. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडाळपणामुळे मामा मला ठिणगी म्हणतो, गॅसचा सिलिंडर आणणारा मला टरकून असतो, आणि मी तिथे मिठाची गुळणी धरून बसले.

महिन्याभराने टेम्पोतून सहा सिलिंडरचं इंजिन उतरलं. कुठल्याशा थोराड गाडीचं, भंगारातून उचललेलं.

"हे बोलेल," मामा म्हणाला.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, दुसरं काय!

चेन-कप्पीला टांगून आम्ही ते जागेवर सोडून पाहिलं. जागेपेक्षा वीतभर लांब. रेडिएटर पुढे सरकवून अर्धी वीत मिळाली. उरलेली मिळवायला पायांपुढचा पत्रा कापावा लागणार होता, आणि तो एकदा कापला की गाडी पुन्हा पूर्वीची होणार नव्हती. मी ग्राइंडर हातात घेऊन उभी राहिले.

"कापू?"

"काप की. वाट कसली बघतेस?"

कापला. आयुष्यात मी पुष्कळ पत्रा कापलाय, इतक्या भेकडपणाने कधी नाही.

इंजिनाखालच्या पट्ट्या मला तीनदा कराव्या लागल्या, कारण ऑइलचं चेंबर स्टीअरिंगच्या दांड्याला घासत होतं. पुढचं वजन वाढलं म्हणून स्प्रिंगा आणि ब्रेक बदलले. शेवटी बॉनेट बोटभर उघडं राहिलं, तेव्हा त्याला भोक पाडून वर टेंगूळ जोडलं. मामाचा हात मात्र कुठेही चुकला नाही. न बघता नट सापडायचा, न बघता बसायचा. मामी चहा घेऊन आली, कापलेल्या पत्र्याकडे बघत त्याच्या पाठीमागे उभी राहून म्हणाली, "एवढं सगळं कानांपायी." मामाने मागे वळूनही पाहिलं नाही.

इंजिन चालू झालं तेव्हा घुमघुम फरशीतून तळपायांत चढली. मामाने छातीवर हात ठेवला. "बोललं बघ, ठिणगे," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, लबाडीने का होईना, झालं ते बरं झालं असंच मला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात एक मास्तर जुनं इंजिन बघायला आले. त्यांच्याकडे तसलीच गाडी होती, इंजिन फुटलेली.

"आधीच सांगतो मास्तर, थकलेलं आहे," मामा म्हणाला. "मागून बोल नको."

इंजिन लोखंडी स्टँडवर होतं. पेट्रोलची बाटली वर टांगून मी चालू केलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि लहान मुलासारखे हसले.

"हे थकलंय?" ते मोठ्याने म्हणाले. "अहो, गातंय की!"

मामाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या. मी खाली बघितलं. त्याने इंजिनावर तळवा ठेवला, वायर ओढून वेग वाढवला, पंखा दिसेनासा होताना पाहिला. कान इतका जवळ नेला की मामीने त्याला कॉलर धरून मागे ओढलं. मग त्याने इंजिन बंद केलं आणि पंखा थांबेपर्यंत बघत राहिला.

"कधीपासून?" त्याने मला विचारलं.

"तीन वर्षं."

"टॅपेट?"

"मी लावायची."

मला वाटलं, आता पाना फेकून मारणार. तो मास्तरांकडे वळला. "मास्तर, इंजिन उत्तम आहे. मलाच ऐकू येत नाही." हे तो नको तितक्या मोठ्याने बोलला, समोर टायरवाल्याचा हातोडा थांबला.

मग तो मामीला म्हणाला, "चढावर तू दर रविवारी काहीतरी सांगायचीस. मी नुसती मान हलवायचो. काय सांगायचीस?"

"गाडी हळू चालवा, असं. मला भीती वाटते त्या गाडीत. पहिल्यापासून."

ते त्याला ओठांवरून कळलं असावं. त्याने बॉनेटवरच्या टेंगळाकडे पाहिलं. "मग घरी राहायचंस की. तीन वर्षं कशाला येत राहिलीस?"

मामी खाली मान घालून पुटपुटली. मामाने कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं. मोठ्याने सांग."

मामीने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "मागून कुणी हॉर्न दिला तर तुम्हाला सांगणार कोण?"