मास्तरांचं कनेक्शन

आमच्या थोरल्या जाऊबाईंना ऑफिसात सगळे टेबलताई म्हणायचे. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात त्या डेटाबेस सांभाळायच्या. कुठल्या टाकीत किती पाणी, कुठला पंप चालू, कुठला बंद, अशी माहिती सतत येऊन एका सर्व्हरवर साठत राहायची, आणि ती साठायची टेबलांमध्ये, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यांमध्ये. सासूबाईंच्या हे कधी गळी उतरलं नाही. “आमची सून टेबलं सांभाळते,” असं त्या शेजारणींना सांगायच्या. एकीने तर एकदा जेवणाचं टेबल स्वस्तात मिळेल का म्हणून विचारलं होतं.

त्यांना हे काम शिकवलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे त्यांच्या आधी तो सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. समोरचा चुकला की पेन टेबलावर आपटायचे, म्हणून ते नाव पडलं. निवृत्ती तोंडावर आलेली असताना ते घरीच, दुपारी जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. त्यांची खुर्ची ताईंकडे आली. खुर्चीला त्यांनी नवीन उशी लावली, बाकी काही बदललं नाही.

पुढे ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तोवर त्या काळ्या पडद्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करून काम करायच्या. डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलं. मग साहेबांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घालून दिला. त्यात सगळं डोळ्यांसमोर दिसतं, माउसने उघडता येतं. ताईंनी नाक मुरडलं, पण बसल्या. सर्व्हरचा पत्ता घातला, पोर्टचा आकडा घातला, आपलं नाव आणि पासवर्ड घातला, ‘तपासा’चं बटण दाबलं. लाल अक्षरांत नकार आला. पोर्टच्या आकड्यात दोन अंक उलटसुलट पडले होते. ते सुधारले तशी हिरवी खूण आली, आणि डावीकडे टेबलांची नावं झाडाच्या फांद्यांसारखी उघडत गेली. इतकी वर्षं जे नुसतं मनात होतं, ते समोर मांडलेलं बघून ताई खूश झाल्या. या फांदीवर टिचकी मार, ती उघड, असं करता करता एक यादी उघडली. या घडीला सर्व्हरला कोण कोण जोडलेलं आहे, त्याची यादी.

तिच्यात दोन नावं होती. एक ताईंचं. दुसरं मास्तरांचं.

“अगं, मी ते नाव दोनदा वाचलं,” त्या मला नंतर म्हणाल्या. “माणूस जाऊन सहा महिने झाले होते.”

नाव राहिलं कसं, ते त्यांना लगेच कळलं. कोणी नोकरी सोडली की त्याचं नाव काढून टाकायचं काम मास्तरांचंच होतं, आणि मास्तरांचं कोण काढणार? पण हे नाव नुसतं पडून नव्हतं. दर काही मिनिटांनी तिकडून एक इवलासा प्रश्न यायचा, त्याचा अर्थ एवढाच की आहेस ना? आणि सर्व्हर उत्तर द्यायचा, आहे.

साहेब म्हणाले, “जुनं काहीतरी अडकलं असेल. तोडून टाका.”

ताईंनी नावावर उजवी टिचकी मारली आणि कनेक्शन तोडलं. नाव गेलं. हायसं वाटून त्या चहाला उठणार, तोच नाव परत आलं. पुन्हा तोडलं. या वेळी जरा वेळ गेला, जणू पलीकडे कोणी विचारात पडलंय. मग आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी याहून वाईट झालं. मास्तरांच्या नावाने माहिती मागणारा खराखुरा हुकूम आला, क्वेरी. डोंगरावरच्या टाकीतली पातळी मागणारी. मास्तरांना सवय होती, क्वेरीच्या डोक्यावर एक ओळ मजकूर लिहून ठेवायचा, पुढच्याला कळावं म्हणून. या क्वेरीवरही ओळ होती. “काही हलवू नका, मी बघतोय.”

ताईंनी खुर्ची मागे सारली. आपण कोणाच्या खुर्चीत बसलोय, ते त्यांना त्या क्षणी जाणवलं. क्वेरी पुन्हा आली. परत आली. दुपारभर थोड्या थोड्या वेळाने तीच ओळ येत राहिली. ताईंनी तोडायचं सोडून दिलं. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि आपल्याकडेही तिकडून कोणी असंच बघत असेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

नेटवर्क बघणाऱ्या माणसाला त्यांनी कनेक्शनचा माग काढायला सांगितला. तो मान खाजवत आला. “ताई, हे त्यांच्या घरून येतंय.”

मास्तरांचं घर चालत जाण्याइतकं जवळ. ताई तशाच उठून निघाल्या. दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. ताई त्यांना वहिनी म्हणायच्या. वहिनी पार वाळल्या होत्या. ताईंना बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि मग लगेच उतरला.

“तू ऑफिसातून आलीस ना? मग मला सांग, ह्यांना कोण तोडतंय?”

ताईंनी दारात चपला काढल्या.

वहिनींनी त्यांना आतल्या खोलीत नेलं. पडदे ओढलेले, खोली उबट, आणि कॉम्प्युटरच्या पंख्याची बारीक घरघर चाललेली. पडद्यावर ताईंच्या ऑफिसातलाच प्रोग्रॅम उघडा होता. तेच झाड, त्याच फांद्या, आणि मधोमध मास्तरांनी शेवटची लिहिलेली क्वेरी, डोक्यावर त्यांची ती ओळ. मास्तर घरून काम करताना हाच वापरत असणार.

“बंद करायला हात धजेना गं,” वहिनी म्हणाल्या. “हा आवाज आला की वाटतं, आत बसलेत. दुपारी मी इथे येऊन बसते. ते हा हिरवा त्रिकोण दाबायचे, ते बघितलं होतं. तो दाबला की आकडे हलतात. काय आहे ते कळत नाही, पण हलतात. काल एकदम लाल अक्षरं आली. कनेक्शन तुटलं, पुन्हा जोडू का, म्हणून. मी ‘हो’ दाबलं. परत तुटलं! कोणीतरी मुद्दाम तोडतंय हे मला समजलं. आता राहिलंय ते सुद्धा नेतंय, असं वाटलं. मी परत ‘हो’ दाबलं.”

“वहिनी, ती मी होते,” ताई म्हणाल्या. “मास्तरांचं नाव दिसलं, आणि मी घाबरून तोडलं.”

वहिनींना हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरले. “म्हणजे तू मला घाबरलीस आणि मी तुला?”

“कशी बोबडी वळली होती, विचारू नका.”

इतकं झाल्यावर भीती जायला हवी होती. पण ताईंची नजर सहज पडद्यावर गेली. मास्तरांनी इथेही तीच यादी एका कोपऱ्यात उघडून ठेवली होती. तिच्यात दोन नावं होती. एक मास्तरांचं, आणि त्याच्याखाली ताईंचं. घाईत निघताना त्या आपला प्रोग्रॅम चालू ठेवून आल्या होत्या. त्या बघत असतानाच त्यांच्या नावाने प्रश्न गेला, आहेस ना? आणि उत्तर आलं, आहे. दोन्ही नावं सारखीच जिवंत दिसत होती. त्यातलं मेलेलं कोण, हे ती यादी बघून कोणाला सांगता आलं नसतं.

“मास्तरांची भीती गेली होती,” ताई मला म्हणाल्या. “आता माझ्याच नावाची वाटायला लागली.”

कनेक्शन बंद करावंच लागणार होतं. शहराच्या पाण्याची माहिती, ती अशी कोणाच्या घरात उघडी ठेवून चालत नाही. ताईंनी ते सांगितलं तेव्हा वहिनींनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “हे आकडे कसले?”

“डोंगरावरच्या टाकीत किती पाणी आहे त्याचे. ती गळते असा मास्तरांना संशय होता.”

“आणि गळते?”

ताईंनी आकडे वरखाली करून बघितले. “नाही. ठीक आहे टाकी.”

“बरं झालं,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी हिरवा त्रिकोण एकदा दाबला, आकडे हलले ते पाहिले, आणि मग ताईंनी दाखवलेल्या जागी स्वतःच टिचकी मारून सगळं मिटलं. पंखा थांबला. बाहेरच्या रस्त्यावर कोणी सायकलची घंटी वाजवली, ती अगदी खोलीत वाजल्यासारखी ऐकू आली. वहिनी उठल्या आणि त्यांनी पडदे बाजूला सारले. मग दोघींनी स्वयंपाकघरात बसून चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मास्तरांचं नाव सर्व्हरवरून काढलं. तेव्हापासून त्यांना एक खोड लागली. पाणी प्यायला उठल्या तरी त्या आधी आपलं कनेक्शन तोडायच्या. ऑफिसातले हसायचे. “टेबलताई, दोन मिनिटांत कोण पळवून नेणार आहे तुमची टेबलं?” ताई पण हसायच्या, आणि तोडून मगच उठायच्या.

वहिनींनी ती खोली एका शिलाई करणाऱ्या बाईला भाड्याने दिली. ताई अधूनमधून तिकडे जातात, ब्लाउज शिवायचं निमित्त करून.

मी एकदा विचारलं, “नंतर कधी दिसलं का हो ते नाव?”

“छे,” त्या म्हणाल्या. “पण रोज सकाळी आधी ती यादी उघडते. माझं एकटीचं नाव असतं. तरी दोनदा वाचते.”