दादाचं नाव कमी करताना

मे महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा. वसईतल्या आमच्या घराचं अंगण. हजर: वहिनी, त्यांचा मुलगा आणि सून, दादाच्या नाट्यमंडळातले सहा जण, मूळची चांदीप गावची आणि तीस वर्षं आमच्या वाडीत फुलं खुडणारी हिरामावशी, आणि मी, धाकटी बहीण प्रमिला. न बोलावता हजर: पांढऱ्या कुर्त्यातले एक चित्रपट दिग्दर्शक. त्यांचं नाव मी इथे घालणार नाही. कारण पुढे येईल.

मोरेश्वरदादा जाऊन पंधरा दिवस झाले होते. शोकसभेत मंडळातले लोक बोलून झाल्यावर दिग्दर्शक उठले आणि म्हणाले, “आपला सिनेमा आता ॲपवर आहे. त्याच्या सुरुवातीला आम्ही पाटी टाकतोय, ‘मोरेश्वरकाकांच्या स्मृतीस अर्पण’.” सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी उठायला लागले तशी वहिनींनी माझा हात दाबला. “पमाताई, आज नको.” मी बसले. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आज लिहिते आहे.

दादा बागायतदार, लेखक नंतरचा. चाळीसेक वर्षांपूर्वी त्याच्या एका गोष्टीवर ‘पावशेर कळ्या’ नावाचा छोटासा सिनेमा निघाला आणि बरा चालला. मुंबईत नोकरी करणारा एक कारकून आमच्यासारख्या गावात खोली घेऊन राहतो आणि मोगऱ्याच्या वाडीतल्या मुलीशी बोलायला मिळावं म्हणून रोज पहाटे पावशेर कळ्या विकत घेतो. द्यायला कोणी नाही, म्हणून केळीच्या पानातला पुडा टेबलावर ठेवतो. दुपारी कळ्या उमलतात, सगळं ऑफिस दरवळतं आणि हेडक्लार्कला संशय येतो. बाजाराला गेलेल्या आपल्या कळ्यांचं पुढे काय होतं हे त्या मुलीने कधी पाहिलेलं नसतं. शेवटी तेच पाहायला ती भर दुपारी ऑफिसात येऊन उभी राहते... एवढीच गोष्ट. मोगरा कळी असतानाच खुडतात, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ती लिहिता आली असती.

दोन वर्षांपूर्वी हे दिग्दर्शक तोच सिनेमा नव्याने करायचा म्हणून घरी आले. दादाचं मन होत नव्हतं. “राहू दे गं, झालं ते छान झालं,” म्हणत होता. मागे लागले ती मी. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, कागद रखडलेला मला चालत नाही. कराराच्या तीन प्रती काढल्या, सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या केल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. त्याचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. “वाचलंस ना तू सगळं?” त्याने विचारलं. “वाचलंय,” मी म्हटलं. मी फक्त सह्यांच्या जागा वाचल्या होत्या. नाव कुठे, कसं वापरायचं ते निर्माते ठरवतील, हे कलम सहाव्या पानावर होतं.

सिनेमा लागला त्या रविवारी आम्ही विरारला गेलो. पडद्यावर नायिका भर दुपारी, गॉगल लावून, टपोरा फुललेला मोगरा तोडत होती आणि गात होती. त्याच गाण्यात पुढच्या कडव्याला दोघं चिंचोटीच्या धबधब्याखाली भिजत होती. हिरामावशीचा आवाज थिएटरभर गेला. “अगो, फुललेला मोगरा दुपारचा कोन खुडतं? आनि मोगऱ्याच्या दिवसांत त्या धबधब्याला पानी कुठलं?” मागच्या दोन रांगा खदखदून हसल्या. अख्ख्या सिनेमात लोक हसले ते तेवढंच. बाहेर येताना दादा म्हणाला, “चला पमे, विनोदी तर झाला.”

पुढच्या रविवारी सिनेमा थिएटरात नव्हता. परीक्षणं वाईट आली आणि ती योग्यच होती. अख्खी गोष्ट कळीत होती, यांनी ती आधीच फुलवून आणली, मग प्रेक्षकाने कशाची वाट बघायची? शूटिंगच्या वेळी दादाने हे दोनदा सांगितलं होतं. “काका, कळ्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत,” असं उत्तर मिळालं होतं. पण सिनेमा आपटल्यावर दिग्दर्शकांनी मुलाखत दिली. आम्ही खूप केलं, म्हणाले, पण मूळ गोष्टीतच जीव नव्हता.

दादाने ते वाचलं, पेपराची घडी केली आणि वाडीत पाणी सोडायला गेला. आला तो म्हणाला, “पमे, वही आण.” आम्ही चुका लिहायला बसलो. सव्वीस झाल्या. सत्ताविसावी सांगता सांगता तो थांबला. “हे फाड. एकच ओळ लिही. या सिनेमावरून माझं नाव काढा. जुन्यावर आहे तेवढं पुरे.”

मी पत्र पाठवलं, मग चार स्मरणपत्रं. उत्तर एकदाच आलं, फोनवर, “बघतो, काका.” दर रविवारी मी गेले की दादा विचारायचा, “काढलं का गं?” मी म्हणायची, काढतील. शेवटच्या रविवारीही त्याने विचारलं... आणि मी तेच उत्तर दिलं.

सभेनंतर चहा घेताना दिग्दर्शक माझ्याजवळ आले. “ताई, काकांना बरं वाटलं असतं ना?”

“मोगरा कधी खुडतात ते कळलं का तुम्हाला?” मी विचारलं.

ते हसले. “तुम्ही पण अगदी काकांसारख्याच.”

नाही. दादा भला माणूस होता. मी सव्वीस चुकांचं ते पान फाडलं नाही, जपून ठेवलं आहे. आमच्या भागात कुठेही हे गृहस्थ भाषणाला उभे राहिले, की मी पहिल्या रांगेत बसून ते वाचणार आहे. ज्या गोष्टीत जीव नव्हता, तिच्याच लेखकाला सिनेमा अर्पण करून स्वतःचं अपयश त्याच्या फोटोखाली ठेवायचं, हे मी होऊ देणार नाही. आणि यादीत सत्ताविसावी चूक माझी आहे, सहाव्या पानाची. तीही वाचेन.

दादाची कळ्या खुडायची करंडी स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेली आहे, आत कळ्यांवर ओलं करून टाकायचं फडकं वाळून कडक झालंय. वहिनींना ती काढवत नाही. बाकीची कामं मी वहीत मांडून महिन्याभरात उरकली. रेशनकार्डावरून नाव कमी केलं. मतदार यादीतून कमी केलं. गॅस वहिनींच्या नावावर, वीजबिल मुलाच्या. सगळीकडे एका अर्जात झालं, कोणी अडवलं नाही. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आहे.

जिथून काढ म्हणून तो स्वतः सांगून गेला, ती एक ओळ तेवढी कोरी आहे. दिग्दर्शक त्याचं नाव काढत नाहीत, तोवर त्यांचंही नाव मी इथे घालणार नाही. पाचवं स्मरणपत्र सोमवारी टाकायचं आहे.